काटा बदलला, माणसाचे काय?

२०२४ च्या एप्रिल महिन्यात लासलगावसह नाशिक जिल्ह्यातील बहुतेक बाजार समित्यांमधील कांद्याचे लिलाव ठप्प झाले. निर्यातबंदीने भाव आधीच पडलेले होते. उन्हाळ कांदा काढणीला आला होता. आणि नेमक्या त्याच वेळी बाजाराचे दरवाजे शेतकऱ्याच्या तोंडावर बंद झाले. भांडण कांद्याच्या भावाचे नव्हते. ते होते हमाली, तोलाई आणि लेव्ही यांचे. शेतकऱ्याच्या हिशेबपट्टीतून ही रक्कम यापुढे आम्ही कापणार नाही, असे व्यापाऱ्यांनी सांगितले. कपात होणार नसेल तर आम्ही काम करणार नाही, असे हमाल-मापाऱ्यांनी उत्तर दिले. पुढे लिलाव सुरू झाले. परंतु लिलाव सुरू होणे म्हणजे प्रश्न सुटणे नव्हे. ज्या दुखण्यातून हा तंटा उद्भवला त्या दुखण्याचा नीट विचार आपल्याकडे झालेला नाही, असे आमचे मत आहे. आणि म्हणूनच तंट्याचा धुरळा खाली बसल्यावरही त्याविषयी लिहिणे आम्हांला अगत्याचे वाटते.

शहरातील वाचकांना मापारी हा शब्द कदाचित अपरिचित असेल. बाजारात आलेल्या मालाचे वजन करणारा परवानाधारक माणूस म्हणजे मापारी. कोठे त्याला तोलणार म्हणतात, कोठे तोलारी, कोठे मापाडी. हा माणूस शेतकऱ्याचा नोकर नव्हे आणि व्यापाऱ्याचाही नव्हे. बाजार समितीने दिलेल्या परवान्यावर तो काट्यापाशी उभा राहतो, आणि त्याने पुकारलेला आकडा दोघांनीही मान्य करावयाचा असतो. हे पद सहजासहजी निर्माण झालेले नाही. खोटी वजने, झुकता काटा, ‘कडता’ म्हणून कापली जाणारी मनमानी घट यांनी या देशातील शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या नागवला गेला. वऱ्हाडात १८९७ साली कापूस व धान्यबाजाराचा कायदा झाला. १९२८ मध्ये शेतीविषयक शाही आयोगाने नियंत्रित बाजारांची शिफारस केली. १९३९ मध्ये मुंबई प्रांतात शेती उत्पन्न बाजाराचा कायदा आला. त्यानंतर १ एप्रिल १९४७ रोजी लासलगावची बाजार समिती स्थापन झाली. या सर्व खटाटोपाच्या मुळाशी एक साधी मागणी होती : वजन खरे असावे आणि ते तिऱ्हाइताने करावे. हा तिऱ्हाईत म्हणजेच मापारी.

त्याचे काम वरवर पाहता सोपे. प्रत्यक्षात ते कसबाचे होते. गोणी काट्यावर चढताच ती किती भरेल याचा अंदाज त्याच्या नजरेला आधीच आलेला असे. ओला माल कोणता, सुकलेला कोणता, गोणीच्या तळाशी माती किती, हे त्याला हाताच्या स्पर्शाने उमगे. मोजणीची सुरुवात ‘एक’ म्हणून करावयाची नाही, ‘लाभ’ म्हणून करावयाची, ही मापाची जुनी रीत. आणि एका लयीत पुकारलेले ते आकडे शेकडो गोण्यांच्या गर्दीतही चुकू द्यावयाचे नाहीत, हा त्याचा अभिमान. त्याच्या जोडीला हमाल. गोणीला नेमका कोठे आकडा घालावा, पाठ कशी वाकवावी, दाभणाने तोंड कसे शिवावे, आणि ढळणार नाही अशी थप्पी कशी लावावी, हे वर्षानुवर्षांच्या सरावावाचून येत नसे. या कामात कष्ट भरपूर होते, तरी मानही होता. बाजारात मापाऱ्याच्या शब्दाला किंमत होती, आणि बापाच्या जागी मुलाने उभे राहावे अशी घराची इच्छा असे.

हे कसब कोणत्या घटकेला निरुपयोगी झाले? त्याची काही एक तारीख सांगता येणार नाही. गोणी गेली, आणि गोणीबरोबर तेही गेले. आज लासलगावच्या आवारात कांदा येतो तो ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून किंवा पिकअप गाडीतून, मोकळा. वाहनांच्या रांगा लागतात, व्यापारी वाहनापाशी येऊन कांदा हातात घेऊन पाहतात, बोली होते. मग भरलेले वाहन इलेक्ट्रॉनिक भुईकाट्यावर जाते, व्यापाऱ्याच्या खळ्यावर रिकामे होते, पुन्हा काट्यावर येते. दोन वजनांतील फरक हे मालाचे वजन. पडद्यावर आकडा उमटतो, चिठ्ठी बाहेर पडते. यात मापाऱ्याने पुकारावे असे काही राहिले नाही, आणि आवारातील हमालाने उचलावे असेही फारसे राहिले नाही. कांदा पुढे खळ्यावर निवडला जातो, गोण्यांत भरला जातो, मालमोटारींत आणि आगगाडीच्या वाघिणींत चढतो. तेथे मनुष्याची पाठ आजही लागते; परंतु आवारातील मापाऱ्याला तेथे स्थान नाही.

हा बदल शेतकऱ्याच्या हिताचा होता, हे प्रथम निःसंदिग्धपणे मान्य करावयास हवे. गोणीचा खर्च वाचला, भरणाऱ्याची मजुरी वाचली, वेळ वाचला. २०१६ च्या पावसाळ्यात व्यापाऱ्यांनी कांदा गोणीतच आणावा असा आग्रह धरला, तेव्हा त्याला शेतकऱ्यांनीच विरोध केला. कारण मातीमोल भावाच्या त्या दिवसांत गोणीचा खर्चही त्यांना झेपणारा नव्हता. गोणी परत येणार नाही, आणि ती परत यावी अशी इच्छा करणेही योग्य नाही. जे काम झालेच नाही त्याची मजुरी आपल्या पट्टीतून का कापली जावी, हा शेतकऱ्याचा सवाल बिनतोड आहे. जुलै २०१६ मध्ये राज्य सरकारने फळे व भाजीपाला यांवरील आडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यावी असा अध्यादेश काढला, तो याच न्यायाने. न झालेल्या तोलाईची कपातही त्याच न्यायाने बंद व्हावयास हवी.

व्यापाऱ्यांचे म्हणणे मात्र अर्धेच खरे आहे. आवारात हमाल काम करीत नसेल तर त्यावरील लेव्ही आम्ही का भरावी, असे ते विचारतात. प्रश्न ऐकावयास सरळ वाटतो. परंतु ज्या वर्षांत काम झाले, ज्या वर्षांत मजुरी दिली-घेतली गेली, त्या वर्षांची देणी काम आज संपले म्हणून बुडीत खात्यात जात नाहीत. शिवाय मोकळ्या मालाच्या पद्धतीने वेळेची आणि मजुरीची जी बचत झाली तिचा मोठा वाटा व्यापारालाही मिळाला आहे. नफा सर्वांनी वाटून घ्यावा आणि तोटा तेवढा एका साठीच्या माणसाच्या अंगावर टाकावा, ही कोणत्याही पेढीची वही मान्य करणार नाही.

आता त्या साठीच्या माणसाकडे वळू. त्याची बाजू मांडताना त्याच्याविषयीची दया पुरेशी नाही; त्याचा हक्क काय, हे पाहिले पाहिजे. १९६९ मध्ये महाराष्ट्राने माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांचा कायदा केला. मुंबईच्या गोदामांतून अण्णासाहेब पाटील यांनी आणि पुण्याच्या बाजारपेठेतून डॉ. बाबा आढाव यांनी उभ्या केलेल्या चळवळींचा इतिहास ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या कायद्याचे मोल वेगळे सांगावयास नको. ज्याला कायमचा मालक नाही, जो आज या पेढीचे आणि उद्या त्या पेढीचे ओझे वाहतो, अशा माणसाला या कायद्याने मंडळाची नोंदणी दिली. मजुरीवर लेव्ही आकारून भविष्यनिर्वाह निधी, उपदान, रजा आणि औषधोपचार यांची सोय केली. असा कायदा करून महाराष्ट्राने देशापुढे उदाहरण घालून दिले.

परंतु त्या कायद्याच्या रचनेत एक उणीव होती, आणि ती आज उघडी पडली आहे. मजुरी गोणीवर, लेव्ही मजुरीवर आणि म्हातारपणाची तरतूद लेव्हीवर, अशी ही उतरंड आहे. तळाची गोणी काढून घेतली की वरची सारी मडकी कोसळतात. कायद्याने संरक्षण दिले ते ओझ्याच्या मापाने. ओझे हलके झाले तसे संरक्षणही हलके झाले. तीस-पस्तीस वर्षे काट्यापाशी उभ्या राहिलेल्या माणसाला आपली म्हातारपणाची भाकरी शेतकऱ्याच्या पट्टीतील काही रुपयांच्या कपातीवर अवलंबून आहे असे दिसते, तेव्हा तो त्या कपातीसाठी जिवाच्या आकांताने भांडतो. त्याला अडवणूक करणारा म्हणणे सोपे आहे. शेतकऱ्याच्या विरुद्ध त्याला उभे कोणी केले, हे मात्र कोणी विचारीत नाही. एक कष्टकरी दुसऱ्या कष्टकऱ्याच्या खिशातून आपले पेन्शन काढू पाहतो, ही या तंट्यातील सर्वांत दुःखद गोष्ट आहे.

बाजार समितीच्या अठरा संचालकांत हमाल-मापाऱ्यांचा प्रतिनिधी एकच असतो, हेही येथे ध्यानात घ्यावे. यंत्र आणण्याचे निर्णय होतात तेव्हा त्याचा आवाज सतरांच्या आवाजात बुडून जातो. आणि मग जे बैठकीत बोलता आले नाही ते काम बंद पाडून बोलावे लागते.

यातून मार्ग नाही काय? आहे, आणि तो जगाने एकदा चालून पाहिला आहे. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील बंदरांत यंत्रे येऊ लागली तेव्हा तेथील गोदी कामगारांची संघटना आणि मालक यांच्यात १९६० साली करार झाला. यंत्रांना विरोध करावयाचा नाही, हे कामगारांनी मान्य केले. त्या बदल्यात मालकांनी साडेपाच वर्षांत २ कोटी ९० लाख डॉलरांचा निधी उभा करावयाचा, नोंदणीकृत कामगाराला कामावरून काढावयाचे नाही, आणि वृद्ध कामगाराने लवकर निवृत्त व्हावे म्हणून त्याला भरीव रक्कम द्यावयाची, असे ठरले. यंत्राने होणाऱ्या बचतीत जुन्या हाताचा वाटा आहे, हे तत्त्व त्यात मान्य झाले होते. त्या करारातही दोष राहिलाच. ज्यांची पूर्ण नोंदणी झालेली नव्हती त्यांच्या पदरात फारसे काही पडले नाही. याच्या उलट उदाहरणासाठी परदेशी जाण्याचे कारण नाही. १९८२ च्या संपानंतर मुंबईच्या गिरण्यांतील पिकल्या केसांच्या विणकरांचे काय झाले, ते या राज्याने डोळ्यांनी पाहिले आहे. गिरण्यांच्या जागेवर मनोरे उभे राहिले. सांचा चालविणारा कोठे गेला याची कोणी नोंद ठेवली नाही. लासलगावचा प्रश्न आकाराने लहान आहे, म्हणूनच तो सुटण्याजोगा आहे.

आमची सूचना तीन कलमांची आहे. पहिले, न झालेल्या कामाची कोणतीही कपात शेतकऱ्याच्या पट्टीत असू नये. याबाबत तडजोड नको. दुसरे, बाजार समितीला मिळणारी बाजार फी आणि व्यापाऱ्यांचा हिस्सा यांतून ठरावीक मुदतीचा संक्रमण निधी उभारावा. थकलेल्या लेव्हीचा हिशेब लवादापुढे ठेवून एकदाचा मिटवावा, आणि पंचावन्न वर्षांवरील प्रत्येक नोंदणीकृत मापारी व हमालाला एकरकमी उपदान आणि दरमहा निवृत्तिवेतन द्यावे. मापाऱ्यांचे नवे परवाने देणे थांबविले म्हणजे हा भार एका पिढीत आपोआप संपेल. त्याला अंत नाही ही भीती व्यर्थ आहे. तिसरे, जे अजून काम करू शकतात त्यांना भुईकाट्यावर वजनाचे साक्षीदार म्हणून नेमावे. यंत्र खोटे बोलत नाही असे म्हणतात. पण यंत्रापाशी बसलेला माणूस खोटे बोलू शकतो. वैधमापन खात्याचा शिक्का वर्षाकाठी लागतो, आणि वाहने रोज काट्यावर चढतात. रिकाम्या वाहनाचे वजन नीट घेतले की नाही, काटा शून्यावर होता की नाही, हे पाहणारा तिऱ्हाईत आजही हवा आहे. त्याचे वेतन मात्र बाजार फीतून जावे. आणि हे करीत असताना खळ्यांवर कांदा निवडणाऱ्या ज्या स्त्रियांची नोंद कोणत्याच वहीत नाही त्यांचीही नोंदणी व्हावी. अमेरिकेतील करारात जी चूक राहिली ती येथे पुन्हा होऊ नये.

यावर कोणी म्हणेल की, काळ बदलला की धंदे जातातच. त्याला कोण काय करणार? मापाऱ्याने काळाला कधी विरोध केलेला नाही. १९५६ च्या कायद्यानंतर दशमान वजने आली, मण आणि शेर गेले, क्विंटल आणि किलो आले. त्या वेळी अडाणी शेतकऱ्याला नवा हिशेब काट्यापाशी उभा राहून समजावून सांगितला तो त्याच्याच आधीच्या पिढीने. बदल पचविण्याची शक्ती या वर्गात आहे. परंतु साठाव्या वर्षी नवे कसब शिकून पुन्हा नवा जन्म घेण्याची अपेक्षा आपण आपल्या घरातील कोणाकडून करीत नाही. मग ती त्याच्याकडूनच का करावी?

कांदा महागला की शहरात गदारोळ उठतो, स्वस्त झाला की शेतकरी तो रस्त्यावर ओततो. या दोन टोकांच्या मध्ये कांदा तोलणारा माणूस कोणाच्या नजरेस पडत नाही. अर्धशतकाहून अधिक काळ त्याने लासलगावच्या बाजारात इतरांचे माप चोख घातले. आता त्याचे माप घालण्याची पाळी सरकारची, बाजार समितीची आणि व्यापाऱ्यांची आहे. ते पुन्हा एखादा हंगाम बंद पडण्याची वाट न पाहता, बाजार सुरळीत चालू असतानाच घातले जावे, एवढीच आमची मागणी आहे.