आधी विचारा, मग भाव सांगा

‘बोलणाऱ्याची माती विकली जाते, न बोलणाऱ्याचे सोनेही पडून राहते.’ आपल्या बाजारपेठेत हे वाक्य शास्त्रवचनासारखे वापरले जाते. गिरण्यांकडे नमुने घेऊन पाठवायचा माणूस निवडतानाही पहिली चौकशी तीच होते: पोरगा बोलका आहे ना? दुकानात उभ्या गिऱ्हाइकाला लुगडे विकायचे असेल, तर ही कसोटी कदाचित चालेल. पण पुलगावच्या जिनिंगवाल्याला रुईच्या शेकडो गाठी दूरच्या सूतगिरणीला विकायच्या असतात. तिथे हीच कसोटी त्याचे नुकसान करते, असे माझे ठाम मत आहे. धंद्याने धंद्याला माल विकायचा असेल, तर बोलण्याआधी विचारता आले पाहिजे.

विरोधी पक्ष दुबळा नाही, म्हणून तो त्याच्या पूर्ण ताकदीने मांडतो. रुई म्हणजे काही यंत्र नव्हे, की प्रत्येक कारखान्याला वेगळी हवी. भाव खंडीवर ठरतो, खंडी म्हणजे 356 किलो. तंतूची लांबी, ताकद, मायक्रोनेअर म्हणजे बारीकपणा, कचरा हे सगळे प्रयोगशाळेच्या कागदावर आकड्यांत छापून येते. गिरणीवाला तो कागद पाहतो, चार ठिकाणचे भाव पाहतो आणि दलालाला फोन करतो. यात विचारण्यासारखे उरले काय? कापूस हा भावाचा धंदा; ज्याचा भाव खाली, त्याचा माल वर.

हे म्हणणे अर्धे खरे आहे, आणि त्यामुळेच ते फसवते. कागद रुई कशी आहे ते सांगतो. त्या रुईचे पुढे काय व्हायचे आहे, ते सांगत नाही. दोन गिरण्या 29 मिलिमीटरचीच रुई मागतात. एक साधे जाड सूत काढते. दुसरीचे सूत विणून फिकट रंगात रंगवले जाते. आता एका गाठीत प्लॅस्टिकच्या चुमडीचा, म्हणजे पोत्याचा, एक धागा गेला असे समजा. पिंजणीत त्याचे बारीक तुकडे होतात आणि ते सुतात मिसळतात. पॉलिप्रॉपिलीन कापसाचा रंग घेत नाही. त्यामुळे दोष जिनिंगमध्ये दिसत नाही, सुतातही सहज दिसत नाही. कापड रंगून आल्यावर पांढरी रेघ होऊन तो वर येतो. कापडवाला सूतगिरणीच्या बिलातून रक्कम कापतो, गिरणी जिनिंगवाल्यावर चिडते, आणि प्रयोगशाळेच्या कागदावर मात्र सगळे आकडे निर्दोष असतात. नेहमीच्या चाचणीत हा धागा मोजलाच जात नाही. म्हणूनच कित्येक गिरण्या रुईतून चिंध्या, केस, सुतळी, प्लॅस्टिक निवडण्यासाठी माणसे बसवतात, यंत्रे बसवतात. तो खर्च खंडीच्या भावात कुठे लिहिलेला असतो? तो विचारल्यावरच कळतो.

‘निवडणीवर तुमची किती माणसे बसतात? रंगाईनंतर माल परत आला की काय होते?’ असे विचारणारा विक्रेता गिरणीच्या खऱ्या दुखण्यावर बोट ठेवतो. खंडीमागे शंभर रुपये तोडून जो सौदा तो कसाबसा करणार होता, तोच सौदा आता स्वच्छतेवर उभा राहू शकतो. भाव नाहीसा होत नाही, पण भावाखेरीज बोलायला काही उरते.

ही नुसती माझी भावना नाही. विक्रीचे अभ्यासक नील रॅकहम यांच्या चमूने बारा वर्षे 35,000 विक्रीभेटींचा अभ्यास केला आणि 1988 साली ‘स्पिन सेलिंग’ या पुस्तकात निष्कर्ष मांडले. मोठ्या सौद्यांत यशस्वी विक्रेते गिऱ्हाइकाची अडचण विचारत होते. ती अडचण कुठवर पोचते आणि ती सुटली तर काय साधेल, हेही विचारत होते. सौदा लवकर गळ्यात मारण्याच्या क्लृप्त्या मोठ्या व्यवहारात उलटत होत्या.

पण याच अभ्यासाने प्रश्नांच्या भाबड्या भक्तांनाही चपराक दिली आहे. प्रशिक्षणवर्गात शिकवतात, ‘हो-नाही’त उत्तर येणारे प्रश्न टाळा, मोकळे प्रश्न विचारा. या भेदाचा यशाशी संबंध आढळला नाही. आणि ‘वर्षाला किती गाठी लागतात, चात्या किती, माल कुठून घेता’ अशी नुसती माहिती विचारत बसणारे विक्रेते कमी यशस्वी ठरले. साहजिक आहे. जे घरून तपासून यायचे, ते समोरच्याच्या वेळात विचारणे म्हणजे त्याच्याकडून आपला गृहपाठ करून घेणे. यादी हातात धरून केलेली उलटतपासणी मी प्रश्न मानत नाही.

आणखी एक आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो: हे प्रश्न म्हणजे गोड बोलून गळाला लावणेच की. काही जणांच्या हाती तसे होतेही. पण फरक ओळखता येतो. ज्या प्रश्नाच्या उत्तराने सौदा मोडू शकतो, तो विचारायची तयारी आहे का? ‘तुमच्या सुताला आमची रुई लागतेच का, की याहून आखूड धाग्याची, स्वस्त चालेल?’ हे विचारणाऱ्याला ‘चालेल’ ऐकून परत यावे लागेल. तरीही तो विचारतो. आपल्या वादशास्त्रात खंडनाआधी पूर्वपक्ष मांडावा लागतो, तोही प्रतिपक्षाला ‘हो, माझे म्हणणे हेच’ असे वाटेल इतक्या प्रामाणिकपणे. विक्रेत्याचा प्रश्न म्हणजे गिऱ्हाइकाचा पूर्वपक्ष समजून घेणे. तो न समजता मांडलेले भाव-गुणांचे मंडन हवेतच विरते.

पुलगावला हे इतरांहून अधिक कळायला हवे. वर्धा नदीकाठच्या, मुंबई-नागपूर लोहमार्गावरच्या या गावात एकेकाळी स्वतःची कापड गिरणी होती. कापूस इथला, सूत इथले, कापडही इथले. गिरणीला काय टोचते ते कामगारांच्या बोलण्यातून गावात पसरत असणार. ती गिरणी बंद पडली. आता सूत काढणारा कोइंबतूरकडे बसतो, आणि इथल्या जिनिंगमध्ये त्याच्या खात्याचा आवाज येत नाही. शेजारपणाने जे फुकट कळायचे ते आता विचारून मिळवावे लागते. आपण मात्र अजून दलालाच्या फोनवर ‘आजचा भाव काय?’ एवढाच एक प्रश्न विचारतो.

या न विचारण्याची किंमत जिनिंगच्या फाटकाबाहेरही मोजली जाते. 170 किलोची एक गाठ बांधायला साधारण पाच क्विंटल कापूस लागतो आणि त्यातले प्रत्येक बोंड कुणीतरी हाताने वेचलेले असते. वेचणी किलोवर. डोक्याला रुमाल घट्ट बांधा, प्लॅस्टिकच्या चुमडीऐवजी कापडी झोळीत भरा, पालापाचोळा वेगळा काढा, असे वेचणाऱ्या बायांना सांगायचे, तर त्यांचा वेळ जातो आणि किलो कमी भरतात. ती तूट कोण भरून देणार? शेतकरी म्हणतो, जिनिंगवाला स्वच्छ कापसाला जास्त देत नाही. जिनिंगवाला म्हणतो, गिरणी देत नाही. गिरणी देते की नाही, किती देईल, कशासाठी देईल, हे त्याने तिला एकदा तरी विचारले आहे का?