गावठी म्हणजेच फ्रेंच



आमच्या घरच्या ग्रुपवर यंदा असं ठरलंय की दिवाळी ते नाताळ या सुट्टीत एकमेकांना ज्या भेटी द्यायच्या, त्यांची 'थीम' फ्रेंच ठेवायची. कल्पना अर्थातच पुण्या-बंगळुरूच्या तरुण मंडळींची. लगोलग यादीही आली. लॅव्हेंडरच्या वासाच्या मेणबत्त्या, मॅकरॉनचा डबा, आयफेल टॉवर लटकवलेलं किचेन, 'बोंजूर' लिहिलेली कापडी पिशवी, सोनेरी कागदातली चॉकलेटं, चीजचा खोका. आणि खाली एका भाचीची प्रेमळ टीप : "आत्या, तुमच्याकडे बारामतीत यातलं काही मिळणार नाही, तुम्ही ऑनलाइनच मागवा."

मी काहीही मागवणार नाही. का, ते इथे सविस्तर लिहिते. ग्रुपवर लिहिलं तर सगळे अंगठ्याचं चित्र टाकून पुढे जातील.

आधी एक गैरसमज दूर करते. "आत्या आता स्वदेशीवर भाषण देणार" असं वाटून कुणी पान बंद करू नका. इंदापूर तालुक्यात आणि नंतर बारामतीत मिळून मी छत्तीस वर्षं मराठी आणि इतिहास शिकवला. फ्रेंच राज्यक्रांती किती वर्गांना शिकवली याची मोजदाद नाही. फ्रेंचांशी माझं भांडण नाही. शिवाय फ्रेंच भेट आपल्याला नवीन थोडीच आहे? आपल्याकडे कुणाचाही सत्कार असो, शाल, श्रीफळ आणि बुके ठरलेला. हा 'बुके' फ्रेंचच शब्द, इंग्रजीच्या पाठीवर बसून आपल्याकडे आला. दुकानदार देतात ते 'कूपन'ही फ्रेंच. म्हणजे शब्द आपण केव्हाच घेतलेत. माझी तक्रार वेगळी आहे. तुमच्या यादीत विलायती फार आहे असं मी म्हणत नाही. त्यात फ्रेंच काहीच नाही, असं मी म्हणते.

एकेक घेऊ. सोनेरी कागदातली ती चॉकलेटं. 'रोशे' म्हणजे फ्रेंचमध्ये खडक, हे मला शाळेत फ्रेंच घेतलेल्या नातीनं सांगितलं. नाव फ्रेंच, पण ती करणारी फेरेरो कंपनी मूळची इटलीची. आणि या कंपनीचा मोठा कारखाना आहे कुठे? आमच्या बारामतीच्या एमआयडीसीत! तुमची मुलं ज्यासाठी दुकानात लोळण घेतात ते किंडर जॉय आणि टिक टॅकच्या गोळ्या इथे तयार होतात. चीजचंही तसंच. डायनामिक्सचा दूधप्रकल्प इथे १९९०च्या दशकापासून आहे. इथलं चीज दुसऱ्या कंपन्यांच्या नावाच्या वेष्टनात देशभर जातं. जे आमच्या बारामतीत मिळणार नाही असं भाचीला वाटतं, ते कदाचित आमच्याच शिवारातल्या गाईच्या दुधाचं असेल. वाईनचं कुणी अजून उघड बोललेलं नाही, पण जावईमंडळींच्या मनात ती असणारच. तर पलीकडे दौंड तालुक्यात रोटी गावाला फ्रेंच शातोच्या धर्तीवर बांधलेली आख्खी वायनरी उभी आहे.

राहिल्या मेणबत्त्या आणि मॅकरॉन. लॅव्हेंडरची शेती फ्रान्सच्या प्रोव्हान्स भागात होते हे खरं, आणि ती आपल्या जम्मूत भदरवाहकडेही होते. पण स्वस्तातल्या बहुतेक मेणबत्त्यांत पॅराफिन आणि कृत्रिम वास असतो. त्यांचा प्रोव्हान्सशी संबंध डबीवरच्या जांभळ्या चित्रापुरता. मॅकरॉन म्हणजे बदामाचं पीठ, साखर आणि अंड्याचा पांढरा भाग. आपल्या घरातली निम्मी मंडळी अंडं खात नाहीत, आणि कार्तिकी एकादशी नेमकी याच दिवसांत येते. भेट देताना घेणाऱ्याचा विचार आधी करायचा असतो, हे सांगायला फ्रेंच यावं लागत नाही.

आता मुख्य मुद्दा. फ्रेंचांकडून खरोखर काही उचलायचं असेल तर काय उचलावं?

मला विचाराल तर त्यांचा गावाबद्दलचा हट्ट. रोकफोर नावाचं एक चीज आहे. मेंढीच्या दुधाचं, आत निळ्या बुरशीच्या रेषा असलेलं. ते मुरवण्याचा हक्क रोकफोर गावच्या लोकांना सहाव्या चार्ल्स राजानं १४११ साली दिला. पुढे १९२५ साली फ्रान्सनं त्यासाठी कायदाच केला. त्या गावच्या गुहांत मुरलेलं नसेल तर त्याला रोकफोर म्हणायचं नाही. शॅम्पेनचंही तेच. ते एका प्रांताचं नाव आहे. बाहेरची स्वस्त द्राक्षं आणून व्यापारी तीच शॅम्पेन म्हणून खपवतात, म्हणून १९११ साली तिथले द्राक्षबागायतदार रस्त्यावर उतरले, गोदामं फोडली, वाईन रस्त्यात ओतली. आपल्याकडे ऊसदरासाठी आंदोलनं होतात ती आपण पाहिलीत. तिथे शेतकरी भावाबरोबर गावाच्या नावासाठीही भांडला, कारण भाव नावातून येतो हे त्याला कळलं होतं.

याचा अनुभव आपल्या जिल्ह्यालाही आहे. जुन्नर तालुक्यात नारायणगावला १९८०च्या दशकात शामराव चौगुले यांनी फ्रेंच तंत्रज्ञांची मदत घेऊन फसफसणारी वाईन तयार केली. पद्धत तीच, चवही नावाजली गेली. पण परदेशात ती विकली गेली 'ओमर खय्याम' या नावानं. शॅम्पेन म्हणायची सोय नव्हती. फ्रेंच माणूस तंत्र शिकवतो, यंत्र विकतो, पण गावाचं नाव देत नाही.

हे फक्त वाईन-चीजपुरतं असतं तर मी एवढं लिहिलं नसतं. त्यांच्याकडे ल प्युई नावाच्या गावाभोवती हिरवी मसूर पिकते. मसूर! आपण आमटीला वापरतो तशी. १९९६ साली तिला रोकफोरच्याच पंक्तीत बसवून नावाचं संरक्षण दिलं. ती जमीन ज्वालामुखीची, म्हणून तिची चव वेगळी, असं ते अभिमानानं सांगतात. मंडळी, आपली दख्खनची काळी मातीही लाव्ह्यातूनच झालेली आहे. भूगोलाच्या पेपरात आपण ते लिहितो, दोन मार्क मिळवतो आणि विसरून जातो.

या मातीच्या गुणाला त्यांच्याकडे 'तेरवार' म्हणतात. माती, पाणी, हवा आणि तिथल्या माणसाचा हात, या सगळ्याची मिळून उतरलेली चव. हा शब्द मराठीत कसा सांगावा याचा मी बरेच दिवस विचार केला. मग लक्षात आलं की शब्द आपल्याकडे आहे, फक्त आपण तो शिवीसारखा वापरतो. गावठी! गावठी अंडी, गावठी कोंबडी, गावठी कोथिंबीर यांना आपण चार पैसे जास्त मोजतो. आणि माणूस, कपडे, भेटवस्तू यांना गावठी म्हटलं की नाक मुरडतो. फ्रेंचांनी काय केलं, तर गावठी या शब्दाला मान दिला, मग कायदा दिला आणि शेवटी किंमत मिळवली.

आपल्याकडेही कायदा आहे. भौगोलिक निर्देशांकाचा कायदा १९९९ साली झाला, २००३ पासून लागू आहे. कोल्हापूरच्या गुळाला २०१४ साली मानांकन मिळालं. आमच्या शेजारच्या पुरंदरच्या अंजिराला, सांगलीच्या बेदाण्याला, मंगळवेढ्याच्या ज्वारीला, सोलापूरच्या डाळिंबाला आणि कोरेगावच्या वाघ्या घेवड्याला २०१६ साली मिळालं. यादी वाचायला छान वाटते. पण आपल्यापैकी किती जणांनी आजवर कुणाला भेट म्हणून वाघ्या घेवडा दिलाय? ल प्युईची मसूर परदेशातून आणून वाढणारे लोक मी ऐकलेत, घेवडा मात्र आपण किलोवर घेतो आणि गाव विचारत नाही.

"कागदाच्या मानांकनानं शेतकऱ्याला काय मिळतं?" असं आमचे एक व्याही नेहमी म्हणतात. त्यांचं म्हणणं खोटं नाही. नुसत्या कागदानं काही मिळत नाही. गिऱ्हाईक जेव्हा गाव विचारतं तेव्हा मिळतं. इंदापूर तालुक्यात निमगाव केतकीला डाळिंब पिकतं, बोरीला द्राक्ष पिकतं. गाडी मुंबईच्या बाजारात पोचली की त्याचं नुसतं 'डाळिंब' आणि 'द्राक्ष' होतं. मग त्या दिवशी आवक किती आणि माल कसा, यावर भाव. ज्या मालाला गाव नाही त्याला पडत्या भावात कुणी वाली नाही. माझ्या वर्गात बसलेली कितीतरी मुलं आज हेच पिकवतात. वर्गात मी त्यांना नावानं हाक मारत होते. त्यांच्या मालाला बाजारात नाव नाही, याचं मला वाईट वाटतं.

आता साखरेबद्दल बोलते, नाहीतर बारामतीकर म्हणून घेण्यात अर्थ नाही. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती, इंदापूरचा कर्मयोगी, असे कारखाने आमच्या अवतीभवती. दिवाळी जवळ आली की सभासदांना सवलतीची साखर मिळायची. सायकलच्या कॅरिअरला पोतं बांधून लोक घरी आणायचे, त्यातली दोन-चार किलो लेकीच्या घरी जायची. दिवाळीची आमची खरी भेट ती होती. साखरेला हलकं समजू नका. इंग्रजांशी वैर झाल्यावर फ्रान्समध्ये उसाची साखर मिळेना, तेव्हा नेपोलियननं १८११ साली बीट लावायचा हुकूम काढला होता! पण साखर शुद्ध करताना तिच्यातून गाव निघून जातं. माळेगावची आणि ब्राझीलची साखर चवीला एकच. गुळात मात्र गाव राहतं. खारवट जमिनीचा गूळ आणि निचऱ्याच्या जमिनीचा गूळ आमच्या पिढीतली बाई जिभेवर ठेवून ओळखते. म्हणून माझं मत गुळाला.

तर आता माझी पर्यायी फ्रेंच यादी.

एक, गुळाची ढेप. नाताळपर्यंत गुऱ्हाळं जोरात असतात. ढेपेवर गावाचं नाव आणि गुऱ्हाळवाल्याची हरकत नसेल तर त्याचंही नाव चिठ्ठीवर लिहायचं. दोन, दिवाळीत निमगावची डाळिंबं. तीन, मॅकरॉनऐवजी सांगलीचा बेदाणा किंवा पुरंदरचं सुकं अंजीर. उपासालाही चालतं. चार, वाघ्या घेवडा, आणि सोबत तो कसा शिजवायचा ते हातानं लिहिलेला कागद. पाच, मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी, भाकरी येणाऱ्या घरासाठी. ज्यांना येत नाही त्यांनी या निमित्तानं शिकावी.

आणि ज्यांना अगदी फ्रान्सचंच काहीतरी द्यायचं आहे त्यांच्यासाठी सहावी वस्तू. "बुके नको, बुक द्या" असं हल्ली बरेच जण म्हणतात. तर भा. रा. भागवतांनी मराठीत आणलेला ज्यूल व्हर्न मुलांना द्या. फास्टर फेणे लिहिणाऱ्या माणसानं त्या फ्रेंच लेखकाला मराठी मुलांच्या घरात असं काही आणून बसवलं की तो परका वाटतच नाही. शाळेच्या कपाटातली ती पुस्तकं शिवणीतून सुटेपर्यंत मुलांनी वाचलेली मी पाहिली आहेत.

"हे सगळं पाठवायला जड पडतं, दिसायला साधं दिसतं," असं कुणीतरी म्हणणारच. जड पडतं, मान्य. ढेप किचेनएवढी हलकी नसते. पण दिसायला साधं का दिसतं? आपण ते वर्तमानपत्रात गुंडाळून देतो म्हणून. रोकफोरची चकतीसुद्धा वर्तमानपत्रात गुंडाळली तर कुणी हात लावणार नाही. स्वच्छ कापडात बांधा, नीट अक्षरात गावाचं नाव लिहा. एवढं सजवणं फ्रेंचांकडून जरूर शिका.

असो. लांबलं. ज्यांना पटलं नाही त्यांनी खाली जरूर लिहावं, मी सगळ्यांना उत्तर देते. आणि घरच्या मंडळींना एवढंच सांगणं, की मला यंदा काहीही पाठवा, मेणबत्तीसुद्धा चालेल. फक्त ती कोणत्या गावात, कुणाच्या हातची झाली ते तिच्यावर लिहिलेलं असू द्या. लिहिता येत नसेल, तर त्याऐवजी तुमच्या राहत्या गावचं काहीतरी पाठवा. न्यू जर्सीवाल्यांनीही. तिथेही काहीतरी पिकत असेलच की.