विश्लेषण : जुना डेस्कटॉप अपग्रेड करावा की नवा घ्यावा? रॅमच्या महागाईने ‘बजेट गेमिंग’चे गणित कसे बदलले?

घरात सात-आठ वर्षांचा डेस्कटॉप, त्यावर अडखळत चालणारा गेम आणि हातात मोजकेच पैसे. अशा वेळी ‘जुन्यात पैसे घालू नका, थोडे थांबून नवीनच घ्या’ हा सल्ला आतापर्यंत ठरलेला होता. पण विंडोज १० ची संपलेली मुदत आणि रॅमच्या किमतींचा भडका, या दोन घडामोडींमुळे तो आता सरसकट लागू पडत नाही. काही जुने पीसी आज पूर्वीपेक्षा मोलाचे ठरले आहेत, तर काहींवर खर्च करणे म्हणजे पैसे वाया घालवणे आहे. आपला पीसी यातल्या कोणत्या गटात मोडतो, हे कसे ओळखायचे?

रॅम इतकी महाग का झाली?

जगातील बहुतांश रॅम चिप सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीनच कंपन्या बनवतात. कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी उभ्या राहणाऱ्या डेटा सेंटरना ‘हाय बँडविड्थ मेमरी’ म्हणजेच एचबीएम हवी असते. मायक्रॉनने दिलेल्या माहितीनुसार, तेवढ्याच क्षमतेच्या डीडीआर ५ रॅमच्या तुलनेत एचबीएमसाठी साधारण तिप्पट वेफर लागते. साहजिकच कारखान्यांची क्षमता अधिक नफा देणाऱ्या एचबीएमकडे वळली आणि घरगुती ग्राहकांच्या वाट्याला कमी माल आला. २०२५ च्या अखेरच्या काही महिन्यांत अनेक रॅम किटच्या किमती दुपटीहून अधिक झाल्या. डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉनने ‘क्रुशियल’ हा ग्राहकांसाठीचा ब्रँडच बंद करत असल्याचे जाहीर केले.

डीडीआर ४ ही जुन्या पिढीची रॅमही यातून सुटली नाही, कारण कंपन्या तिचे उत्पादन आधीपासूनच कमी करत होत्या. याचा दुसरा अर्थ असा, की तुमच्या जुन्या पीसीत आधीच १६ जीबी डीडीआर ४ रॅम असेल, तर ती आता किरकोळ वस्तू राहिलेली नाही. नवा पीसी घेताना ती टाकून देणे म्हणजे महागलेली वस्तू पुन्हा विकत घेणे.

विंडोज १० चा मुद्दा गेमिंगशी कसा जोडलेला?

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ पासून विंडोज १० ची नियमित सुरक्षा अद्ययावते थांबवली. घरगुती वापरकर्त्यांना नोंदणी करून १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव मुदत घेता येते. त्यानंतर विंडोज ११ शिवाय पर्याय उरत नाही आणि त्यासाठी टीपीएम २.०, सिक्युअर बूट व ठरावीक पिढीचा प्रोसेसर लागतो. मोजके अपवाद सोडले तर इंटेलमध्ये आठवी पिढी आणि एएमडीमध्ये रायझन २००० मालिका ही किमान अट आहे.

प्रश्न केवळ सुरक्षेचा नाही. ऑनलाइन गेममधली फसवणूक रोखणाऱ्या यंत्रणा आता याच सुविधांवर अवलंबून राहू लागल्या आहेत. ‘व्हॅलोरंट’ला विंडोज ११ वर टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट दोन्ही लागतात. ऑक्टोबर २०२५ मध्ये आलेला ‘बॅटलफिल्ड ६’ सिक्युअर बूटशिवाय चालत नाही. म्हणजे प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड पुरेसे वेगवान असले, तरी गेम दारातच अडवू शकतो. काही युक्त्या वापरून जुन्या पीसीवर विंडोज ११ बसवता येते, पण मायक्रोसॉफ्ट त्याची जबाबदारी घेत नाही आणि अशा गेमची अडचणही त्यामुळे सुटेलच असे नाही.

मग अपग्रेड कोणी करावे?

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि ‘परफॉर्मन्स’मध्ये जा. प्रोसेसरचे पूर्ण नाव, रॅम किती आहे आणि तिचे किती स्लॉट वापरात आहेत, हे तिथे दिसते. इंटेलच्या नावातील आय ५ किंवा आय ७ नंतरच्या आकड्याची सुरुवात पिढी सांगते. आय ५-४५७० चौथ्या पिढीचा, तर आय ५-१०४०० दहाव्या पिढीचा. त्यानुसार साधारण तीन गट पडतात.

पहिला गट इंटेलच्या चौथ्या किंवा त्याआधीच्या पिढीचा. यात डीडीआर ३ रॅम असते. ती पुढच्या बहुतेक मदरबोर्डवर उपयोगी पडत नाही आणि विंडोज ११ ची अटही पूर्ण होत नाही. अशा पीसीवर जुने, ऑफलाइन गेम खेळत राहायला हरकत नाही. खर्च करायचाच तर केवळ अशा गोष्टींवर करावा, ज्या काढून पुढच्या पीसीत लावता येतील. उदाहरणार्थ, एसएसडी.

दुसरा गट सहाव्या-सातव्या पिढीचा. यांतल्या बहुतेकांत डीडीआर ४ रॅम असते, पण प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीबाहेर आहे. त्याच मदरबोर्डवर आठव्या पिढीचा प्रोसेसर बसवू, असे अनेकांना वाटते. सॉकेट दिसायला सारखे असले तरी इंटेलने ती सोय ठेवलेली नाही. इथे मधला मार्ग कामी येतो. रॅम, एसएसडी, कॅबिनेट आणि चांगला असेल तर एसएमपीएस तेच ठेवायचे. बदलायचा तो फक्त मदरबोर्ड आणि प्रोसेसर. बाराव्या पिढीसाठी डीडीआर ४ चालणारे मदरबोर्ड निघाले आहेत, एएमडीच्या एएम ४ सॉकेटचे बोर्डही डीडीआर ४ वरच चालतात. जुनी रॅम थोडी संथ असेल, पण काम भागते.

तिसरा गट इंटेलच्या आठव्या किंवा त्यानंतरच्या पिढीचा आणि एएम ४ मदरबोर्ड असलेल्यांचा. या लोकांनी नवा पीसी घेण्याची घाई अजिबात करू नये. एएम ४ वाल्यांची स्थिती तर सर्वांत चांगली आहे. २०१७ मध्ये पहिल्या पिढीच्या रायझनसाठी घेतलेल्या अनेक बोर्डांवर बायॉस अद्ययावत करून रायझन ५ ५६०० बसवता येतो. एक प्रोसेसर बदलला की विंडोज ११ चा अडसर दूर होतो आणि वेगही वाढतो. मात्र आपल्या बोर्डाचे मॉडेल कंपनीच्या संकेतस्थळावरील यादीत आहे का, हे खरेदीआधी तपासायलाच हवे.

ग्राफिक्स कार्ड घेताना काय पाहावे?

गेमिंगचा वेग सर्वाधिक ठरतो तो ग्राफिक्स कार्डावर. एसएसडीने गेम लवकर उघडतो, फ्रेम रेट मात्र वाढत नाही. त्यामुळे बजेटचा मोठा वाटा कार्डासाठी राखावा.

पण इथेही काळजी हवी. २०२२ मध्ये इथेरियमचे मायनिंग बंद झाल्यावर वापरलेली कार्डे मोठ्या प्रमाणात बाजारात आली, त्यांतली काही आजही फिरत आहेत. शिवाय एनव्हिडियाने जीटीएक्स ९०० आणि १० मालिकेसाठी नव्या गेमचे ड्रायव्हर देणे ऑक्टोबर २०२५ नंतर थांबवले असून, आता फक्त सुरक्षा अद्ययावते मिळतील. म्हणून सेकंड हँड बाजारात जीटीएक्स १०५० टीआय कितीही स्वस्त दिसले तरी जीटीएक्स १६५० ला पसंती द्यावी. ते त्यानंतरच्या पिढीचे असल्याने या निर्णयात येत नाही.

कार्यालयांतून निघालेल्या ब्रँडेड डेस्कटॉपची अडचण वेगळीच असते. त्यांचा एसएमपीएस कमी क्षमतेचा असतो आणि अनेकदा त्याचा आकार व जोडणी त्या कंपनीपुरती असते. तो बदलणे सोपे नसते. अशा पीसीत वेगळी वीजजोडणी न लागणारे कार्डच बसवावे. जीटीएक्स १६५० चे बरेच प्रकार आणि ७० वॅटचे ६ जीबीवाले आरटीएक्स ३०५० ही त्याची उदाहरणे. पीसी बारीक उंचीचा असेल तर ‘लो प्रोफाइल’ कार्डच आत मावते.

‘आय ७, १६ जीबी, गेमिंग पीसी’च्या जाहिराती खऱ्या किती?

समाजमाध्यमांवर रंगीत दिव्यांचे पंखे लावलेले स्वस्त ‘गेमिंग पीसी’ सतत दिसतात. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपासून दिल्लीच्या नेहरू प्लेसपर्यंत जुन्या संगणकांचा मोठा बाजार आहे आणि त्यात चांगला मालही मिळतो. पण जाहिरातीत ‘आय ७’ लिहिलेले असते, पिढी लिहिलेली नसते. २०१२ चा आय ७-३७७० हाही आय ७ च आणि २०२२ चा साधा आय ३-१२१०० त्याच्यापेक्षा बराच वेगवान आहे. १६ जीबी रॅम डीडीआर ३ असेल तर तिला पुढे भवितव्य नाही. ग्राफिक्स कार्ड जीटी ७३० असेल, तर ते केवळ स्क्रीनवर चित्र दाखवण्यापुरतेच.

दुकानदाराला चार गोष्टी लेखी विचाराव्यात : प्रोसेसरचा पूर्ण क्रमांक, रॅमचा प्रकार, ग्राफिक्स कार्डाचे मॉडेल आणि एसएमपीएसची कंपनी व क्षमता. उत्तर टाळले जात असेल तर व्यवहारही टाळावा. पालकांनी मुलांच्या हट्टासाठी पैसे देण्यापूर्वी एवढी चौकशी केली, तरी मोठा तोटा वाचू शकतो.

नवा पीसी कधी घ्यावा?

पहिल्या गटात असाल आणि ऑनलाइन स्पर्धात्मक गेम खेळायचे असतील, तर दुसरा पीसी घेण्याला पर्याय नाही. पण तो अगदी कोरा असण्याची गरज नाही. दहाव्या पिढीचा किंवा एएम ४ चा सेकंड हँड पीसी रॅमसकट मिळत असेल, तर आजच्या बाजारात तोच व्यवहार सर्वांत किफायती ठरण्याची शक्यता अधिक. एएमडीचा एएम ५ सॉकेट पुढच्या काही वर्षांसाठी चांगला असला, तरी तो फक्त डीडीआर ५ घेतो आणि नेमकी हीच रॅम महागली आहे. ग्राफिक्स कार्डाविना रायझन ५ ८६००जी घेऊन सुरुवात करायची, हा एकेकाळचा स्वस्त मार्गही त्यामुळे महाग झाला आहे. त्याऐवजी रायझन ५ ५६००जी डीडीआर ४ वर चालतो. त्यात रॅमच्या दोन पट्ट्या लावाव्यात, कारण अंतर्गत ग्राफिक्स याच रॅमवर चालते आणि एकाच पट्टीवर वेग बराच घटतो.

थोडक्यात, पीसी किती वर्षांचा आहे यापेक्षा त्यातला मदरबोर्ड विंडोज ११ चालणारा प्रोसेसर घेतो का आणि रॅम डीडीआर ४ आहे का, हे दोन प्रश्न महत्त्वाचे. दोन्हींचे उत्तर ‘हो’ असेल तर अपग्रेड करा. दोन्हींचे ‘नाही’ असेल तर त्यावरचा खर्च थांबवा. एक हो आणि एक नाही असेल, तर चालू भाग ठेवून बाकीचे बदला आणि खरेदीची सुरुवात रॅमपासून करू नका.