पारा सांडला तर झाडू उचलू नका

इचोडा आणि आसपासच्या गावांतल्या मुख्याध्यापकांना, शिक्षकांना आणि पालकांना कळकळीची विनंती.

शाळेत काही फुटलं की आपला हात आधी झाडूकडे जातो. पोरांच्या पायात काच जाऊ नये, एवढीच काळजी असते. पण फुटलेल्या वस्तूत पारा असेल तर झाडू लावू नका. फटकाऱ्याने एका थेंबाचे असंख्य बारीक मणी होतात, फरशीच्या सांध्यांत आणि बाकांखाली शिरतात आणि दिवसेंदिवस वाफ सोडत राहतात. त्या वाफेला रंग नाही, वास नाही. ती श्वासातून रक्तात आणि रक्तातून मेंदूत जाते. तापमान 10 अंशांनी वाढलं की वाफ साधारण दुप्पट होते. आपल्या आदिलाबादच्या उन्हाळ्यात बंद वर्गात काय होत असेल, याचा विचार करा.

पारा सांडल्याबरोबर मुलांना बाहेर काढा, पण सांडलेल्या जागेवरून कुणी चालू नये. ज्याचा पाय पडला असेल त्याने चप्पल दारातच काढावी. पंखा आणि कूलर बंद करा, बाहेरच्या खिडक्या उघडा, व्हरांड्याकडचं दार लावून घ्या.

एखादा थर्मामीटर फुटला असेल, तर त्यातला पारा साधारण अर्धा ते एक ग्रॅम असतो. तो शिक्षकांना गोळा करता येतो. आधी अंगठी, बांगड्या काढा, कारण सोन्याला पारा लगेच धरतो. रबरी हातमोजे घालून दोन पुठ्ठ्यांनी मणी हळूहळू एकत्र लोटा, ड्रॉपरने उचला, उरलेले कण चिकटपट्टीने टिपा. टॉर्च जमिनीलगत आडवी धरली की लपलेले कण चमकतात. पारा घट्ट झाकणाच्या बाटलीत थोड्या पाण्याखाली ठेवा. काच, पुठ्ठा, मोजे जाड पिशवीत बांधा. दोन्हींवर मराठीत आणि तेलुगूत ‘विषारी पारा’ असं लिहा. मोरीत, नालीत, चुलीत काही टाकू नका. पारा लागलेले कपडे धुवायला टाकू नका.

रक्तदाब मोजायचं जुनं उपकरण, बॅरोमीटर किंवा प्रयोगशाळेतली बाटली फुटली असेल, तर मात्र हात लावू नका. खोलीला कुलूप लावा, 112 ला फोन करा, मंडल शिक्षणाधिकाऱ्यांना (एमईओ) आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाला कळवा. कुणाला खोकला, छातीत दाटल्यासारखं, धाप किंवा मळमळ वाटली तर 108 बोलवा आणि डॉक्टरांना पाऱ्याबद्दल सांगा. कुणी थर्मामीटरचा पारा गिळला तर ओकारी काढायला लावू नका, सरळ दवाखान्यात न्या.

एक गोष्ट मला सगळ्यांत जास्त सांगायची आहे. थर्मामीटर फोडणाऱ्या मुलावर ओरडू नका. पारा दिसायला सुंदर असतो. तळहातावर नाचतो, बोटाने फुटतो, पुन्हा जुळतो. मुलांना तो खेळ वाटणारच. मार बसेल या भीतीने मूल तो खिशात लपवतं, घरी नेतं, धाकट्या भावाला दाखवतं. अमेरिकेत वॉशिंग्टनच्या बल्लू हायस्कूलमध्ये ऑक्टोबर 2003 मध्ये प्रयोगशाळेतला पारा एका विद्यार्थ्याने बाहेर काढला. तो मुलांच्या बुटांना आणि कपड्यांना लागून घरोघर पोहोचला आणि शाळा महिनाभर बंद राहिली. आपल्या मुलांना आजच सांगा, ‘काही फुटलं, चांदीसारखं काही सांडलं, तर हात न लावता सरांना, मॅडमना बोलव. तुला कुणी रागावणार नाही.’ आणि हा शब्द पाळा.

भारताने पाऱ्याचा वापर कमी करण्यासाठीचा मिनामाता करार 2018 मध्येच मान्य केला आहे. तरी जुन्या शाळांच्या कपाटांत पाऱ्याच्या वस्तू असू शकतात. मुख्याध्यापकांनो, या आठवड्यात प्रयोगशाळेचं कपाट उघडून बघा, पाऱ्याच्या वस्तूंची यादी करा, डिजिटल थर्मामीटर मागवा. पाऱ्याची बाटली सापडली तर ती भंगारवाल्याला देऊ नका. कुलूप लावा, किल्ली स्वतःकडे ठेवा आणि बाटली तिथून कशी हलवायची ते एमईओंना लेखी विचारा.