टोन द्या, भाऊ!

जळगाव-धुळ्याच्या कितीतरी कार्यालयांच्या लेटरहेडवर ०२५७ किंवा ०२५६२ने सुरू होणारा दूरध्वनी असतो, ईमेल असतो आणि या दोघांच्या मध्ये, निवृत्त होऊनही रोज सकाळी येऊन जुन्या खुर्चीत बसणाऱ्या हेडक्लार्कसारखा, फॅक्स क्रमांक असतो. नवी ईपीएबीएक्स, म्हणजे कार्यालयाचे अंतर्गत टेलिफोन एक्स्चेंज, बसवताना ठेकेदार यादी मागतो: साहेबांना कोणते एक्स्टेन्शन, आस्थापनेला कोणते, आवक-जावकला कोणते. शेवटी कोणाला तरी आठवते, ‘आणि फॅक्सला?’ मग फॅक्सलाही उरलेले एक एक्स्टेन्शन मिळते आणि तिथेच त्याचा कारभार आटोपतो.

कारण बाहेरून येणाऱ्या फॅक्सचे स्वागत ध्वनिमुद्रित बाई करतात. अमुक विभागासाठी एक दाबा, तमुकसाठी दोन. पलीकडचे यंत्र दर तीन-साडेतीन सेकंदांनी ११०० हर्ट्झची शीळ घालत राहते. त्याला बोटच नाही, ते काय दाबणार? ही शीळ ओळखून कॉल फॅक्सकडे वळवण्याची सोय अनेक एक्स्चेंजांत असते, पण ती कोणीतरी चालू करावी लागते. फॅक्स बाहेर पाठवायचा तर आधी शून्य आणि मग क्षणभर दम, हेही यंत्राला शिकवावे लागते. कॉल वेटिंग बंद केले नाही तर त्याच्या ‘टुक’ने पान अर्ध्यात तुटते. तांब्याची तार जाऊन फायबर आली असेल तर आणखी पंचाईत: आवाज दाबून, तुकडे करून पाठवणाऱ्या यंत्रणेत माणसाचे बोलणे तगते, फॅक्सची शीळ तगत नाही. त्यावर टी.३८ हे मानक १९९८पासून आहे. मात्र ते दोन्हीकडच्या यंत्रणांना कळायला हवे. एक्स्चेंजच्या कटकटींवर मात्र खात्रीचा उपाय जुनाच आहे. फॅक्सला ईपीएबीएक्सच्या बाहेरून थेट, स्वतंत्र लाइन द्यायची.

पूर्वी एवढे शास्त्र लागत नसे. फोन आणि फॅक्स एकाच लाइनवर. ‘टोन द्या, भाऊ’ म्हटले की पलीकडचा भाऊ बटण दाबून रिसीव्हर ठेवी. रोलच्या गुळगुळीत कागदावरची अक्षरे खानदेशी उन्हाळ्यात टिकायची नाहीत हे ठाऊक असल्याने जाणता लिपिक आधी त्याची झेरॉक्स काढी आणि तीच फाइलला लावी.

२१ नोव्हेंबर २०१८ला जम्मू-काश्मीरच्या राजभवनात नेमका हा भाऊच नव्हता. माजी मुख्यमंत्री मेहबूबा मुफ्तींचा सरकार स्थापनेचा दावा फॅक्सने पोहोचेना. पीपल्स कॉन्फरन्सचे सज्जाद लोन यांनी आपला दावा व्हॉट्सॲपवर धाडला. आणि त्याच रात्री राज्यपाल सत्यपाल मलिक यांनी विधानसभा विसर्जित केली. ईदची सुट्टी होती, फॅक्सपाशी कोणी नव्हते, असा खुलासा नंतर झाला. सरकार यंत्रामुळे अडले असे कोणी भाबडेपणाने समजू नये. पण निमित्ताला यंत्र कामी आले खरे.

मग फॅक्स मोडीतच का काढू नये? इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेला जानेवारी २०१९पासून नवी फॅक्स यंत्रे घ्यायलाच बंदी झाली. आपल्याकडे मात्र एक अडचण आहे. फॅक्स गेला की पाठवणाऱ्याच्या हाती चिठ्ठी येई: तारीख, वेळ, क्रमांक, पाने आणि शेवटी ‘ओके’. रावेरच्या केळी उत्पादकाने वादळातल्या नुकसानीचा अर्ज पाठवला, तर ‘आमच्याकडे काही आलेच नाही’ म्हणणे कार्यालयाला जरा जड जाई. ईमेलला पोच देण्याची सवय आपल्या कार्यालयांना लागायची आहे. व्हॉट्सॲपच्या निळ्या खुणा साहेबांच्या खासगी मोबाइलवरच्या. बदली झाली की मोबाइल त्यांच्याबरोबर जातो आणि अर्जही.

तेव्हा नवी यंत्रणा बसवणाऱ्यांनी फॅक्सला थेट लाइन द्यावी, यंत्र आवक-जावकच्या टेबलावर ठेवावे आणि सुट्टीच्या दिवशी तिकडे कोण बघणार हे नावानिशी ठरवावे. जमणार नसेल तर पुढच्या छपाईत लेटरहेडवरची फॅक्स क्रमांकाची ओळ गाळावी. अर्जदार मग निदान एसटीने येईल, कागद हातात देईल आणि पोचेचा शिक्का मारून घेतल्याशिवाय टेबलापासून हलणार नाही.