धोका काढायचा की बाई?

धोक्याच्या कामांवर बायांना घ्यावं की घेऊ नये, ही चर्चा पुन्हा सुरू झाली आहे. निमित्त नव्या कामगार संहितांचं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार संहिता लागू झाल्या. त्यांतल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कामाची स्थिती यांविषयीच्या २०२० च्या संहितेने रात्रपाळीचं आणि धोक्याच्या कामांचं दार बायांना उघडलं. संध्याकाळी सातनंतर किंवा सकाळी सहाच्या आधी काम करायचं तर बाईची संमती हवी. धोक्याच्या कामावर ठेवायचं तर आधी पुरेशी सुरक्षा पुरवा, असं सरकार मालकाला सांगू शकतं. आपल्यातल्या काही मैत्रिणींना हा समतेचा विजय वाटतो. काहींना वाटतं, चोवीस तास स्वस्त मजूर मिळावेत म्हणून मालकांची ही सोय केली आहे.

दोन्ही बाजूंमध्ये तथ्य आहे. पण मला वाटतं, दोघीही एकाच प्रश्नाचं उत्तर देत बसल्या आहेत: हे काम बाईला झेपेल का? त्याआधीचा प्रश्न कुणी विचारतच नाही. या कामात एवढा धोका ठेवलाय कुणी, आणि तो तसाच राहिला तर फायदा कुणाचा?

हा प्रश्न न विचारल्यामुळे काय होतं, याचा ठळक दाखला कोळसा खाणींच्या इतिहासात आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला झरिया आणि राणीगंजच्या खाणींत हजारो बाया जमिनीखाली उतरत. पुरुष कोळसा फोडायचा, बायको तो टोपलीत भरून वाहायची. जोडीने काम आणि जोडीची मजुरी. या बायांना तिकडे ‘कामीन’ म्हणत. १९२९ च्या नियमांनी त्यांना टप्प्याटप्प्याने खाणीबाहेर काढायचं ठरलं. १९३५ मध्ये आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने जमिनीखालच्या कामाला बायांसाठी बंदी करणारा करार केला, आणि १९३७ मध्ये आपल्याकडे ही बंदी पूर्ण झाली.

पुढे महायुद्ध आलं. कोळसा कमी पडू लागला, खाणींतले पुरुष दुसऱ्या कामांवर निघून गेले. मग १९४३ मध्ये तीच बंदी उठवली. बाईचं नाजूक शरीर, तिचं मातृत्व, तिची अब्रू ही सगळी कारणं तीन वर्षं बाजूला ठेवली गेली. युद्ध संपलं आणि १९४६ मध्ये बंदी परत आली. १९५२ च्या खाण कायद्याने तिच्यावर शिक्कामोर्तब केलं. सरकारला कोळसा हवा होता तोवर खाण बाईला चालत होती.

बाया बाहेर गेल्या म्हणून खाण सुरक्षित झाली का? २७ डिसेंबर १९७५ ला धनबादजवळच्या चासनाला खाणीत पाणी घुसलं आणि सुमारे पावणेचारशे कामगार बुडून मेले. धोका खाणीतच राहिला होता, काढली होती फक्त बाई. घरातली एक मजुरी गेली, आणि खाण होती तशीच राहिली. २०१९ मध्ये केंद्र सरकारने बायांना पुन्हा खाणीत उतरायची परवानगी दिली, पण ती तांत्रिक, देखरेखीच्या आणि व्यवस्थापनाच्या कामांसाठी. इंजिनीयर मुलगी खाणीत उतरते याचा मला आनंद आहे. मात्र टोपली वाहणाऱ्या कामीनीची नात त्या यादीत कुठे बसते, हेही विचारायला हवं.

आता खाणीतून आपल्या उसाच्या फडात येऊ या. इथेही कामाचा हिशेब जोडीनेच आहे. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. दिवाळीच्या मागेपुढे बीड, अहिल्यानगर, परभणी, जालना या भागांतून ही कुटुंबं पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती हंगामभर फेडायची असते. बाई अंधार असतानाच उठते. भाकरी, पाणी, पोरं उरकून फडावर जाते. ऊस तोडायचा, वाढं कापायचं, मोळी बांधायची, डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढायचं. गाडी रात्री आली तर रात्री भरायची. राहायला कोपी. संडास नाही, न्हाणी नाही, पाण्याचा पत्ता नाही. आणि एक दिवस जरी कामावर गेलं नाही तर खाडा. दिवसाला पाचशे रुपये आणि कधी त्याहूनही जास्त, थेट उचलीत चढवले जातात.

कोयता लागणं, पाचटाने अंग चिरणं, साप चावणं, फळीवरून पडणं हे धोके डोळ्यांना दिसतात. पण ऊसतोड करणाऱ्या बाईला विचारा, ती सगळ्यात जास्त धसका कशाचा घेते? खाड्याचा. पाळी आली तरी काम. अंगावरून जात असलं, ताप असला, पोट राहिलं तरी काम. कापड बदलायला आडोसा नाही, धुवायला पाणी नाही. त्यातून जंतुसंसर्ग होतो, तो अंगावर काढला जातो. हंगाम संपल्यावर गावाकडे डॉक्टरला दाखवलं की पुष्कळदा एकच सल्ला मिळतो: पिशवी काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल. ऑपरेशनचे पैसे मुकादमच देतो. तेही उचलीत चढतात.

२०१९ मध्ये हे सगळं वर्तमानपत्रांतून बाहेर आलं. त्यानंतर विधान परिषदेच्या तेव्हाच्या उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारने समिती नेमली. बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड कामगार बायांची पाहणी झाली. त्यांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली होती. म्हणजे दर सहा जणींमागे एक. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयोगटातल्या स्त्रियांमध्ये हे प्रमाण देशभरात सुमारे तीन टक्के होतं.

या आकड्यावर बोलताना आपला सगळा राग डॉक्टरांवर जातो. जायलाच हवा. भीती घालून, गरज नसताना ऑपरेशन करणाऱ्यांवर कारवाई व्हायलाच पाहिजे. बीडमध्ये अशा ऑपरेशनआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यायचा नियम आला, तोही योग्यच. पण डॉक्टर ही साखळीतली शेवटची कडी आहे. पिशवी काढून घ्यायला बाई तयार का होते? खाडा पडू नये म्हणून. पाळी, गर्भ, दुखणं या सगळ्यांतून सुटून सहा महिने पुरुषासारखं राबता यावं म्हणून. खाणीतून बाई काढली होती. इथे बाईतून गर्भाशय काढलं. दोन्हीकडे कामाला कुणी हात लावला नाही.

आणि त्यातून सुटका होते असंही नाही. गर्भाशयाबरोबर अंडाशयंही काढली तर तिशी-पस्तिशीतच पाळी जाण्याचे सगळे त्रास सुरू होतात. हाडं ठिसूळ होतात, कंबर धरते, अंगाची आग होते. अशा शरीराने ती पुढच्या हंगामात पुन्हा मोळी उचलते. ऑपरेशनचं कर्ज तर फेडायचंच असतं.

आता कायद्यातला ‘संमती’ हा शब्द या बाईसमोर ठेवून पाहा. उचल घेताना मुकादमासमोर नवरा बसतो. पैसे त्याच्या हातात पडतात, टनाचा हिशेबही त्याच्याच नावाने होतो. कोयत्यातली अर्धी मेहनत बाईची, पण कागदावर ती नसते. रात्री बारा वाजता गाडी आली तर तिची संमती कोण विचारणार? विचारली तरी अंगावर उचल असलेली बाई ‘नाही’ कोणत्या जोरावर म्हणणार? जिथे नकार देता येत नाही तिथली संमती ही मालकाची ढाल असते. बलात्काराच्या प्रश्नावर आपण हे वर्षानुवर्षं सांगत आलो आहोत. मजुरीच्या प्रश्नावरही तेच सांगायला हवं.

शिवाय कायद्याच्या नजरेत ती कामगार तरी कुणाची? साखर कारखाना म्हणतो, आमचा करार मुकादमाशी. मुकादम म्हणतो, मी मधला माणूस. बीडहून बेळगावला गेली तर ती आंतरराज्य स्थलांतरित मजूर. बीडहून कोल्हापूरला गेली तर तेही नाही, कारण राज्य एकच. कायद्याने धोका मोजायला सुरुवात केली ती कारखान्याच्या भिंतींच्या आतला: यंत्र, भट्टी, रसायन. भिंतीबाहेर, शेतात आणि घरात बाया जे करतात त्यातला धोका ‘कष्ट’ या गोड नावाखाली झाकला जातो. खरं तर आंतरराष्ट्रीय श्रम संघटना खाणकाम आणि बांधकामाच्या बरोबरीने शेतीलाही सर्वांत धोक्याच्या क्षेत्रांत धरते. जून २०२२ पासून सुरक्षित आणि आरोग्यदायी कामाची जागा हा तिने कामगारांचा मूलभूत हक्क मानला आहे. हा हक्क फडापर्यंत पोचवणार कोण?

काम बदलता येत नाही, असं कुणी म्हणेल. ते खरं नाही. पुण्यात कचरा वेचणाऱ्या बायांनी १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही आपली संघटना उभी केली. या बहुतेक दलित समाजातल्या. उकिरड्यात हात घालायचा तर फुटक्या काचा, सुया, कुजलेलं अन्न, अंगावर येणारी कुत्री आणि वर चोरीचा आळ. या बायांना त्या कामातून हटवणं हा एक मार्ग होता. हातमोजे वाटून फोटो काढणं हा दुसरा. त्यांनी तिसरा धरला. आधी ओळखपत्रं मिळवली. मग आग्रह धरला की कचरा आमच्या हातात पेटीतून नको, दारातून द्या, ओला-सुका वेगळा करून द्या. २००८ मध्ये ‘स्वच्छ’ ही त्यांची सहकारी संस्था पुणे महापालिकेशी करार करून दारोदारचं काम करू लागली. धोका सगळा गेला नाही, पण कामाची जागा बदलली, पद्धत बदलली आणि बाई कामावर राहिली.

याच बायांनी आपल्याला, म्हणजे शहरातल्या शिकलेल्या बायांना, एक अवघड गोष्ट सांगितली. तुमचे वापरलेले सॅनिटरी पॅड आम्ही उघड्या हातांनी वेगळे करतो. ते कागदात गुंडाळा, वर लाल खूण करा. २०१६ च्या घनकचरा नियमांनी पॅड बनवणाऱ्या कंपन्यांवर पाकिटं द्यायची जबाबदारी टाकली, पण कागदात गुंडाळायला कंपनीची वाट पाहावी लागत नाही. एका बाईची पाळी सोयीची व्हावी म्हणून दुसऱ्या बाईच्या हाताला धोका, हे आपल्या घरात घडत असतं. ‘धोक्याचं काम’ आपल्यापासून फार लांब नाही.

म्हणून बायांनी अमुक काम करावं की नाही यावर ठराव करण्यापेक्षा आपल्या गटांनी पुढच्या गोष्टींचा आग्रह धरावा, असं मला वाटतं.

पहिली, ऊसतोडीत मालक कोण हे कायद्याने ठरलं पाहिजे, आणि तो साखर कारखानाच असला पाहिजे. महाराष्ट्राने १९६९ मध्ये माथाडी कायदा केला. हमालाचा मालक कोण हा घोळ तिथेही होताच. तरी मंडळं झाली, नोंदणी झाली, काम करून घेणाऱ्यांकडून लेव्ही घेऊन हमालांना भविष्य निर्वाह निधी आणि औषधपाणी मिळू लागलं. बाजार समितीत जे जमलं ते फडावर का जमू नये?

दुसरी, ‘कोयता’ फोडा. बाईची नोंद वेगळी, तिची मजुरी तिच्या नावाने आणि तिच्या हातात. कागदावर नाव असेल तरच अपघाताची भरपाई, बाळंतपणाची रजा, विमा यांचा दावा ती करू शकेल.

तिसरी, खाड्याचा दंड बंद. आजारपणात, पाळीत, गरोदरपणात विसावा घेणं हा गुन्हा नाही. माझ्या मते या एका मागणीने जितकी गर्भाशयं वाचतील, तितकी शंभर आरोग्य शिबिरांनीही वाचणार नाहीत.

चौथी, तोडणीच्या तळावर पाणी, संडास, न्हाणी आणि पाळणाघर. हंगामाला जाण्याआधी आणि आल्यावर सरकारी दवाखान्यात तपासणी, आणि गर्भाशयाच्या प्रत्येक ऑपरेशनची नोंद लोकांना पाहता येईल अशी.

पाचवं काम सरकारचं नाही, आपलं आहे. आपापल्या भागात बाया जी कामं करतात त्यांतले धोके त्यांच्याच तोंडून लिहून काढायचे. विडी वळणारीचा तंबाखूचा खोकला, औषध फवारणाऱ्या नवऱ्याला पाणी आणून देणारीची चक्कर, वीटभट्टीवरचा भाजलेला पाय. सरकारच्या यादीत हे नसेल तर आपली यादी करू या, आणि ती घेऊन कामगार संघटनांकडे जाऊ या. तिथल्या पुरुष कार्यकर्त्यांनाही यात काही मिळवायचं आहे. बाईला परवडेल इतकं सुरक्षित झालेलं काम पुरुषालाही मारत नाही.

संहितेच्या अंमलबजावणीत राज्याच्या नियमांना मोठं महत्त्व आहे. नियमात एक ओळ घालायची असेल तर आधी तीस गावांतल्या बायांची सभा व्हावी लागते, हे आपल्याला अनुभवाने माहीत आहे. यंदाची टोळी गाडीत बसायच्या आत या सभा व्हाव्यात. ज्या गटांचं ऊसतोड, विडी, वीटभट्टी यांत काम आहे त्यांनी आपले मुद्दे पुढच्या अंकासाठी जरूर पाठवावेत. माझ्याशी मतभेद असतील तर तेही.