ओळंबा कोणाच्या हाती?

बारावीचे निकाल लागले आणि सामायिक प्रवेश परीक्षेचे गुण हाती आले की मध्यमवर्गीय घरांत शाखांचा पसंतीक्रम ठरविण्याची लगबग सुरू होते. सर्वांत वर संगणक अभियांत्रिकी, तिच्या पाठोपाठ माहिती तंत्रज्ञान आणि अलीकडे कृत्रिम बुद्धिमत्ता. मग विद्युत, यंत्र वगैरे. आणि अगदी तळाशी, ‘दुसरे काहीच मिळाले नाही तर’ या सदरात, स्थापत्य अभियांत्रिकी. ज्या घराच्या बैठकीत ही यादी सिद्ध होते त्या घराचे खांब किती जाडीचे असावेत, हे कोणा स्थापत्य अभियंत्यानेच कधीतरी ठरविलेले असते. त्याचे स्मरण त्या वेळी कोणालाही होत नाही.

यासाठी पालकांना दोष देणे सोपे आहे, परंतु ते पूर्णतः न्याय्य नव्हे. बांधकामाच्या जागेवरची धूळ आणि ऊन, घरापासून दूरचा मुक्काम, आरंभीची काही वर्षे तुटपुंजे वेतन आणि त्यावर ठेकेदाराची मर्जी, हे सारे खरेच आहे. महाविद्यालयेही मागणीनुसारच दुकान मांडतात. तंत्रशिक्षण परिषदेने २०२४-२५ पासून चांगल्या कामगिरीच्या संस्थांना शाखानिहाय प्रवेशसंख्येच्या कमाल मर्यादेतून मोकळे केले, तेव्हा वाढीव तुकड्या कोणत्या शाखेच्या निघणार, हे सांगण्यास ज्योतिषाची गरज नव्हती. पण प्रश्न एखाद्या मुलाच्या पगाराचा नाही. धरणे, पूल, बोगदे आणि कोट्यवधींची घरे यांचा भार ज्या विद्येवर आहे, ती विद्या निरुपायाने पत्करलेल्यांच्या हाती सोपवून समाज निश्चिंत कसा राहू शकतो, हा खरा प्रश्न आहे.

या देशात अभियांत्रिकीचे आधुनिक शिक्षण सुरू झाले तेच मुळी या शाखेपासून. रुडकीचे महाविद्यालय १८४७ चे. पुण्यात १८५४ मध्ये सार्वजनिक बांधकामासाठी दुय्यम कर्मचारी तयार करणारा वर्ग निघाला. त्याचेच पुढे अभियांत्रिकी महाविद्यालय झाले आणि २०२२ मध्ये विद्यापीठ. ब्रिटिशांचा हेतू हुकूम पाळणारी माणसे घडविण्याचा होता, हे उघड आहे. परंतु त्याच संस्थेतून १८८३ मध्ये मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या बाहेर पडले. बंगळूरहून बी.ए. होऊन, म्हैसूर संस्थानच्या शिष्यवृत्तीवर पुण्यास आलेल्या या तरुणाने १८८४ मध्ये मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात नोकरी धरली. नाशिक, खानदेश असा प्रवास करीत पुढे खडकवासल्याच्या धरणावर १९०३ मध्ये त्यांनी स्वतः आखलेले स्वयंचलित दरवाजे बसविले. पाण्याची पातळी ठरावीक मर्यादेवर गेली की आपोआप उघडणारे आणि पातळी उतरली की मिटणारे ते दरवाजे. साठा वाढला, पण धरणाची उंची वाढवावी लागली नाही. हुकुमाची वाट पाहणाऱ्याला हे सुचले नसते.

त्याच खडकवासल्याने दुसरा धडाही दिला. १२ जुलै १९६१ रोजी वरच्या अंगाचे पानशेतचे मातीचे धरण फुटले. त्याच्या लोंढ्यापुढे खडकवासल्याची भिंतही टिकली नाही आणि पुण्याच्या पेठा पाण्याखाली गेल्या. धरणातून पाणी सोडण्याच्या मार्गाचे काम अपुरे असतानाच त्या पावसाळ्यात धरणात पाणी साठू दिले गेले होते. स्थापत्यात अपुऱ्या कामाला क्षमा नसते. निसर्ग उत्तरपत्रिका तपासताना वाढीव गुण देत नाही.

आणि किल्लारी? ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेश विसर्जन आटोपून गावे झोपी गेली असताना लातूर-उस्मानाबादच्या भूमीवर हजारो माणसे दगावली. त्यांचा बळी भूकंपापेक्षा त्यांच्या घरांनी घेतला. मातीत रचलेल्या जाडजूड दगडी भिंती, आतला आणि बाहेरचा थर परस्परांशी बांधणारे आरपार दगड नाहीत, कोपऱ्यांना बांधणी नाही, आणि या सर्वांवर मातीच्या धाब्याचे ओझे. भिंतीचे दोन थर दोन दिशांना गेले आणि छप्पर खाली आले. हे ज्ञान दुर्मीळ होते असे नाही. ते ग्रंथांत होते. गावच्या गवंड्यापर्यंत पोहोचलेले नव्हते.

येथेच या शिक्षणाची खरी दुखरी नस सापडते. चार वर्षांत विद्यार्थी पदार्थांचे बल, मृदा यांत्रिकी, जलशास्त्र, संरचनांचे विश्लेषण असे गंभीर विषय शिकतो. विषय उत्तम आहेत. पण काँक्रीटचेच उदाहरण घ्यावे. सिमेंट, वाळू, खडी आणि पाणी. यांतील पाणी हा वरकरणी सर्वांत निरुपद्रवी घटक. मिश्रणात बादलीभर पाणी अधिक पडले की माल पातळ होतो, सळयांच्या जाळीत सहज उतरतो, थापीला हलका लागतो. मजूर खूश, मुकादम खूश. पुढे जास्तीचे पाणी उडून जाते आणि मागे सूक्ष्म छिद्रे ठेवते. काँक्रीटचे बल घटते, त्या छिद्रांतून ओल शिरते, सळई गंजते, फुगते आणि काही वर्षांनी छताचे पोपडे जेवणाच्या ताटात पडू लागतात. दीडशे मिलिमीटरचा ठोकळा २८ दिवसांनी यंत्रात दाबून फोडला की अपराध उघडकीस येतो. पण तोवर वर आणखी दोन मजले चढलेले असतात! ओतलेले काँक्रीट किमान सात दिवस आणि कडक, कोरड्या उन्हाळ्यात किमान दहा दिवस ओले ठेवावे, असे आयएस ४५६ ही संहिता सांगते. किती ठिकाणी तिसऱ्या दिवशीच पाणी मारणे बंद होते, ते येता-जाता कोणीही पाहावे.

ती जास्तीची बादली रोखणार कोण? संहिता तोंडपाठ असलेला, पण मुकादमासमोर उभा राहिला की ज्याची बोबडी वळते तो पदवीधर नव्हे. गवंडी ओळंबा म्हणतो, गुण्या म्हणतो, पाणसळ म्हणतो. पदवीधराला यांची इंग्रजी नावेच ठाऊक. भारतीय भाषांतून अभियांत्रिकी शिकविण्याचे दार २०२१ मध्ये उघडले, ही स्वागतार्ह घटना होय. मात्र त्या वर्षी पुणे परिसरातील एका महाविद्यालयाने मराठीतून शिकविण्यास जी शाखा निवडली, ती होती संगणकाची. ज्या शाखेचा विद्यार्थी उद्या मराठी गवंड्यासमोर उभा राहणार, तिचा विचार आधी व्हावयास हवा होता. रायगड उभारणाऱ्या हिरोजी इंदुलकरांना कामगारांशी बोलण्यासाठी दुभाषी लागला नसेल.

मुलींविषयीचा संकोच तर याहून खोल आहे. ‘साइटवर मुलगी कशी पाठवायची?’ या प्रश्नाला उत्तर हवे असेल तर जम्मू-काश्मीरकडे पाहावे. ६ जून २०२५ रोजी चिनाब नदीवरील रेल्वेपूल राष्ट्राला अर्पण झाला. नदीपात्रापासून उंची ३५९ मीटर, लांबी १,३१५ मीटर. त्याच्या पायाखालचे डोंगरउतार भेगाळलेल्या खडकांचे. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील प्राध्यापिका जी. माधवी लता यांनी १७ वर्षे या प्रकल्पास भूतंत्रज्ञानविषयक सल्ला दिला. खोदकामात खडक जसा उघडा पडेल तसा आराखडा बदलावा लागे. तेथे केवळ वर्गातील गणित पुरेसे नव्हते. त्यांचे पदवीचे शिक्षण स्थापत्याचेच. पुलानंतर कौतुकाचा वर्षाव झाला, तेव्हा आपण हजारोंपैकी एक आहोत, असे त्यांनी नम्रपणे सांगितले.

परंतु अशी उदाहरणे शाखेला तोलून धरू शकत नाहीत. त्यासाठी व्यवस्थाच बदलावी लागेल. सुटीतल्या चार-सहा आठवड्यांच्या प्रमाणपत्रापुरते प्रशिक्षण हा या अभ्यासक्रमातील सर्वांत मोठा फार्स आहे. वैद्यकीच्या विद्यार्थ्याला वर्षभर रुग्णालयात राबल्यावाचून व्यवसाय करता येत नाही; मग हजारोंच्या जीविताची जबाबदारी घेणाऱ्याला ही सवलत का? वास्तुविशारदांच्या नोंदणीसाठी १९७२ पासून केंद्रीय कायदा आहे. अभियंत्यांसाठी मसुदे झाले, चर्चा झाल्या. पण तशी कायदेशीर चौकट उभी राहिली नाही. महापालिका आपापल्या हद्दीत परवाने देतात, तेवढ्यावरच भागते. भुजच्या २००१ च्या भूकंपाने पोळलेल्या गुजरातने २००६ मध्ये व्यावसायिक स्थापत्य अभियंत्यांसाठी स्वतंत्र कायदा केला. ज्याच्या सहीने इमारत उभी राहते त्याचे नाव, पात्रता आणि उत्तरदायित्व एका नोंदवहीत असावे, इतकी साधी ती कल्पना आहे. आधी कोयना आणि मग किल्लारी सोसलेल्या महाराष्ट्राच्या विधिमंडळात या विषयाला एक दिवस मिळावा, अशी मागणी घेऊन पालक आणि अभियंत्यांच्या संस्था एकत्र का येत नाहीत?